गाठ मारतानाचा आकार

ओहायोतल्या डब्लिनच्या गणपतीत माझ्या मसालेभाताला फारसं कुणी हात लावत नसे. भात मोकळा व्हायचा, काजू सढळ असायचे, तरी पातेलं अर्धंअधिक भरलेलं परत यायचं. दुसऱ्या वर्षी एका काकूंनी मला प्रेमाने बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "नंदिनी, तू त्या रेडिएशनच्या कंपनीत आहेस ना गं? मग घरी आल्यावर हात वगैरे नीट धुतेस ना?"

हात मी धुते. पण त्याचा रेडिएशनशी संबंध नाही. खोलीतला दिवा मालवला की उजेड कपाटाखाली लपून बसत नाही, तसंच आमचं बीम, म्हणजे किरणांचा झोत सोडणारं यंत्र, बंद केलं की मागे काही उरत नाही. उरतो तो फक्त ओझोनचा वास, वीज कडाडून गेल्यावर येतो तसा, आणि तोही पंखे ओढून नेतात. हे सगळं मी काकूंना गणपतीसाठी भाड्याने घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात उभ्या उभ्या, चांगल्या चढ्या आवाजात समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "हुशार आहेस हो," म्हणाल्या, आणि दुसऱ्या टेबलावरची पुरी घेतली.

हा चढा आवाज मला वारशाने मिळाला आहे. अमरावतीत आमच्या घरात पाळण्याच्या आधी सायक्लोस्टाइल मशीन आलं. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. रेशनच्या दुकानातलं खोटं माप, अंगात येणारे महाराज, तिखटातली भेसळ, कशावरही. मी चालायला आणि पत्रकाला घडी घालायला साधारण एकदमच शिकले. बाबांचा नियम एकच होता. कागद एक, दोन्ही बाजूंनी, आणि बाजारात बसणाऱ्या बाईला अडेल असा शब्द त्यात नको. तोच नियम पाळून आता माझ्या कामाबद्दल सांगते.

कोलंबसच्या पश्चिमेला, मका आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये एक बुटका कारखाना होता. २००२ ते २००८ मी तिथे क्वालिटीची इंजिनिअर होते. आम्ही प्लॅस्टिकच्या नळ्या बनवायचो, पण साध्या नाही. ही नळी दोन वायरींच्या जोडावर सैलसर सरकवायची आणि वरून गरम हवा द्यायची. काही क्षणांत ती आखडते आणि जोडाला अशी घट्ट धरते की पाणी, मीठ, धूळ काही आत जात नाही. तुमच्या गाडीत, फ्रिजमध्ये, लिफ्टमध्ये अशा कितीतरी नळ्या आहेत. त्या दिसत नाहीत, आणि दिसू नयेत असंच त्यांचं काम आहे.

ही नळी आखडते, कारण तिला आपला जुना आकार आठवतो. प्लॅस्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या, ताटलीतल्या शेवयांसारख्या एकमेकींवर पडलेल्या. गरम केलं की त्या घसरतात. त्यालाच आपण वितळणं म्हणतो. आता या शेवयांना जागोजागी एकमेकींशी गाठी मारल्या तर? मग ते जाळं होतं. तापवलं तरी वाहून जात नाही, फक्त रबरासारखं मऊ होतं. या गाठी मारायचं काम आमचं बीम करत असे. इलेक्ट्रॉनचा झोत नळीवर पडला की साखळ्यांवरचे हायड्रोजन निघून जातात आणि उघड्या पडलेल्या जागा शेजारच्या साखळीला चिकटतात. सुई नाही, दोरा नाही, गोंद नाही.

गाठी मारून झाल्या की नळी तापवायची, हवेच्या दाबाने दुप्पट-तिप्पट फुगवायची आणि फुगलेली असतानाच गार करायची. थंडीने ती तशीच अडकून राहते. वर्षभर डब्यात ठेवा, फुगलेलीच राहील. पण पुन्हा गरम केलीत की अडसर सुटतो, गाठी ओढ घेतात आणि नळी मूळ आकारावर येते. गाठी मारल्या तेव्हा जो आकार होता, तोच तिचा खरा. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड त्यातच आहे.

मी हे कुणाही मराठी माणसाला सांगितलं की तो डोळे ओले करून म्हणायचा, "म्हणजे अगदी आपल्यासारखंच की! कितीही लांब ताणले गेलो तरी..." मला हे अजिबात आवडत नाही. नळीला कुणी विचारलेलं नसतं. आपण व्हिसाच्या रांगेत स्वतःच्या पायांनी उभे राहिलो होतो.

आमचं बीम वसंतकाकांनी उभं केलं होतं. ते मूळचे सांगलीचे. इथे आल्यावर आधी काही वर्षं एका रबर कंपनीत काढली आणि मग या कारखान्यात आले. जाडजूड काँक्रीटच्या भिंतींची ती खोली, आतलं यंत्र, नळी आत-बाहेर खेळवणाऱ्या कप्प्या, सगळ्यांवर त्यांचा हात फिरलेला होता. त्यांचं घर माझ्या अपार्टमेंटपासून जवळ, म्हणून आम्ही त्यांच्या जुन्या गाडीतून एकत्र जायचो. गाडीत ते वसंतकाका असायचे. नाट्यसंगीत लावायचे, घरून काकूंनी दिलेल्या डब्यातला एखादा लाडू माझ्यापुढे धरायचे. पण कारखान्याच्या दारात बॅज लावला की ते विन्स व्हायचे आणि मी नॅन. तिथे सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत. मॅनेजर ग्रेगला झाडूवालाही ग्रेगच म्हणे. मला ते तत्त्व म्हणून पसंत होतं, पण साठीच्या माणसाला 'ए विन्स' म्हणणं माझ्या जिभेला जमेना. आणि 'काका' म्हणायचं नाही असं त्यांनीच बजावलं होतं. "इथे नातं दिसलं की लोक म्हणणार, ही विन्सचं माणूस. तुझं रिजेक्शन कुणी मानणार नाही." म्हणून दिवसभर मी त्यांना कुठल्याच नावाने हाक मारत नसे. समोर जाऊन उभी राहायचे आणि त्यांनी वर बघायची वाट बघायचे.

बीमच्या खोलीत पहिल्यांदा त्यांनीच मला नेलं. यंत्र सुरू करायच्या किल्लीला एक लाल पट्टी होती. आत जाणाऱ्याने ती किल्ली खिशात घेऊन जायचं, म्हणजे आत माणूस असेपर्यंत बाहेर कुणाला बीम लावताच येत नाही. खोलीच्या टोकाला जाऊन बटण दाबायचं, कोपरे बघायचे, मग बाहेर. ऑपरेटर डॅरिल हे रोज करायचा आणि दर वेळी आत "कुणी आहे का?" असं ओरडायचा, अगदी एकटा असला तरी. मी हसले तेव्हा काका म्हणाले, "हसू नकोस. मीच लावलीय ती सवय त्याला."

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची असायची. टेक्ससमधल्या एकाने आमची खोकी उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली आणि मग फोन करून खडसावलं, "तुम्ही भलताच बारीक साइज पाठवलाय!" नळ्या शेडमध्येच आखडून बसल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ फक्त मासेमारीच्या गळाच्या मुठींसाठी नळी घ्यायचे आणि रंग मात्र साडीच्या दुकानात बसल्यासारखे निवडायचे. "हा हिरवा नको, तो जरा उदास आहे."

आणि रूथ. इंडियानाच्या हद्दीजवळच्या एका गावात रूथचं छोटं वर्कशॉप होतं. शाळेच्या पिवळ्या बसगाड्यांच्या वायरिंगचे जुडगे ती बनवायची. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते वितळलेल्या बर्फाबरोबर उडून बसच्या पोटाखाली जातं आणि वायरीच्या उघड्या जोडाला खाऊन टाकतं. तो जोड आमच्या नळीने झाकायचा. रूथ बोलायला तिखट होती. फोन उचलला की पहिलं वाक्य, "या वेळी काय बिघडवलंत?" पण पैसे वेळेवर आणि ऑर्डर दर मोसमाला.

तो २००७ चा हिवाळा होता. तोपर्यंत वरच्या ऑफिसात असं बोललं जायला लागलं होतं, की आमचं बीम म्हातारं झालंय, ते बंद करावं आणि नळ्या बाहेरच्या कंपनीकडून किरण मारून आणाव्यात. काकांना ते माहीत होतं, डॅरिलला माहीत होतं, बीमवरच्या सगळ्यांना माहीत होतं. एखादा मोठा लॉट फेकावा लागला असता, तर त्यांना हवं ते निमित्त मिळालं असतं.

आणि नेमका रूथचाच लॉट बिघडला. झोत डावी-उजवीकडे फिरवणारं चुंबक कमजोर झालं होतं, त्यामुळे कडेच्या नळ्यांना किरण कमी पोचले. म्हणजे गाठी कमी. हे कळायला एक चाचणी असते. नळीचा तुकडा झायलीन नावाच्या द्रावणात उकळत ठेवायचा. गाठी नसलेला भाग विरघळतो, उरतं ते जाळं. या चाचणीला वेळ लागतो. ग्रेगला घाई होती, म्हणून त्याने निकाल यायच्या आधीच नळ्या फुगवायला पाठवल्या. निकाल आला तेव्हा सगळा लॉट फुगून, गार होऊन, रिळांवर बसला होता.

ग्रेगच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. ग्रेगने कपाळ चोळलं. मग म्हणाले, "पुन्हा एकदा बीममधून काढू. थोडासा डोस. गाठी पुऱ्या होतील."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे वाक्य त्यांच्या तोंडून येणं म्हणजे सुगरणीने भाकरी भाजून झाल्यावर पीठ पुन्हा मळू म्हणण्यासारखं होतं. नळी आता फुगलेली होती. आता ज्या गाठी बसणार, त्यांना हा फुगलेला आकारच खरा वाटणार. जुन्या गाठी आत ओढणार, नव्या बाहेर, आणि नळी मधेच कुठेतरी थांबणार.

"मला माहितेय तू काय म्हणणार आहेस," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "थोडी कमी आखडेल. रूथचे जोड जाड असतात. पकडेल."

चुंबक दुरुस्त करून लॉट बीममधून पुन्हा काढला गेला. झायलीनची चाचणी यावेळी झकास पास झाली. मी रिळांवरचे तुकडे घेऊन ओव्हनमध्ये ठेवले आणि आखडल्यावर मोजले. मधल्या नळ्या ठीक होत्या. कडेच्या, ज्यांत जुन्या गाठींच्या मानाने नव्या जास्त होत्या, त्या ठरलेल्या मापापर्यंत यायच्या आधीच थांबत होत्या. बाहेरून बघून दोन्हींत फरक काही सांगता येत नव्हता, आणि रिळांवर त्या मिसळून गेल्या होत्या. माझ्या सहीशिवाय लॉट जाणार नव्हता.

परत जाताना गाडीत नाट्यसंगीत लागलं नाही. दोन्ही बाजूंना बर्फाने झाकलेली शेतं होती.

"तिची बस काही बुडत नाही," काका म्हणाले. "तिला नळी दुप्पट आखडली तरी पुरते. आपण तिप्पट आखडणारी देतो."

"मग तिला सांगूया ना तसं."

"सांगितलं की लॉट परत. 'मालात गडबड आहे, पण चालेल,' असं भाजीवाल्याने म्हटलं तर तू घेशील?"

"त्याने सांगितलं तर घेईनही. न सांगता पिशवीत टाकलं तर पुन्हा त्याच्याकडे जाणार नाही."

"अगं, तू म्हणजे तुझ्या बाबांचं चालतंबोलतं पत्रक आहेस."

"आहेच. काका, मुलं बसतात त्या गाडीत."

त्यांनी गाडी हळू केली. पुढे काही नव्हतं, रस्ता मोकळा होता. "पत्रकाला पगार द्यावा लागत नाही, नंदिनी. डॅरिलच्या बायकोची ट्रीटमेंट चालू आहे. त्याला आजारपणाचा इन्शुरन्स या बीमवरच्या नोकरीमुळे आहे. तुला दुसरी नोकरी मिळेल. मला कुणी घेणार नाही, पण माझं सोड. त्याचं काय करू?"

बाबांच्या पत्रकांत खोटं माप देणारा दुकानदार नेहमी पोट सुटलेला असायचा. त्याच्या हाताखालच्या पोऱ्याच्या बायकोला काय आजार आहे, हे कधी लिहिलेलं नसायचं. मी फक्त एवढंच म्हटलं, "सही नाही करणार."

"ठीक आहे," काका म्हणाले. मला सोडताना त्यांनी नेहमीसारखं "जेवून घे नीट" म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ग्रेगच्या खोलीत. ग्रेग वाईट माणूस नव्हता. त्याने मला धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही. तो सरळ काकांकडे वळला. "विन्स, नॅन सही करत नाहीये. तू सीनियर आहेस. तुझी सही पण चालते. यू डिसाइड."

काकांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं, आता संपलं. आणि माझ्या तोंडातून मराठीत निघालं, भर ऑफिसात, ग्रेगसमोर:

"काका, तुम्ही सही करा हवं तर. पण आधी रूथला फोन करा. मी नाही, तुम्ही करा. तुमच्यावर तिचा विश्वास आहे."

ग्रेगने भुवया उंचावल्या. "व्हॉट वॉज दॅट?"

काकांनी पेन टेबलावर ठेवलं. पाच वर्षांत मी त्यांना तिथे कधी काका म्हटलं नव्हतं. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, रागाने की कशाने ते मला अजून कळलेलं नाही. मग ग्रेगच्या टेबलावरचा फोन त्यांनी स्वतःकडे ओढला, स्पीकर लावला आणि नंबर फिरवला.

"या वेळी काय बिघडवलंत?" रूथ म्हणाली.

"रूथ, विन्स बोलतोय. खरंच बिघडवलंय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. चुंबक, कमी डोस, पुन्हा मारलेले किरण. "ती आयडिया माझी होती," असंही सांगितलं. ग्रेगने डोळे मिटून घेतले होते.

मग रूथ म्हणाली, "उद्या येते. काहीही पाठवू नका."

ती आली तेव्हा तिच्या एका हातात स्वतःची हीट गन होती आणि दुसऱ्या हातात जोडांनी भरलेला बुटांचा खोका. आमच्या लॅबच्या टेबलावर तिने तो उपडा केला. "कॉफी नको," म्हणाली, "प्लग कुठंय?" मग तिने रिळांवरून आपल्या हाताने नळ्या कापल्या, एकेका जोडावर सरकवल्या आणि गरम हवा दिली. जाड जोडांवर नळी झक्क बसली. काकांनी माझ्याकडे बघितलं. पकडेल म्हणाले होते, आणि पकडलं होतं.

मग रूथने एक बारीक जोड उचलला. "हा कुठला माहितेय?" तिने विचारलं. "दाराजवळच्या लाल दिव्यांचा. बस थांबली की जे लागतात. ते बघून बाकीच्या गाड्या थांबतात, आणि मग मुलं रस्ता ओलांडतात." तिने नळी चढवली, हवा दिली. नळी आखडली, थांबली. रूथने अंगठ्याच्या नखाने ती टोकाला ढकलली, आणि ती अंगठी निघावी तशी निघून आली.

डॅरिल दारात उभा होता, तो निघून गेला.

"मी तुझ्या ड्रॉइंगमध्ये हा जोड कधी पाहिला नव्हता," काका म्हणाले.

"गेल्या मोसमात बदललाय. तुम्हाला कळवलं नाही. कशाला कळवू? तुमची नळी मापाला येते, मला माहीत होतं." तिने हीट गनची वायर गुंडाळली. लॉट परत. तिला माल लगेच हवा होता, म्हणून त्या मोसमाची ऑर्डर तिने दुसरीकडे दिली. जाताना काकांशी हात मिळवला आणि म्हणाली, "फोन केलास ते बरं केलंस. पण माझा आठवडा वाया घालवलास."

पुढच्या वर्षी बीम बंद झालं. त्या लॉटमुळेच झालं, असं मला कुणी सांगितलं नाही. त्यामुळे झालं नाही, असंही कुणी म्हणालं नाही. डॅरिलला एका गोडाउनमध्ये काम मिळालं. इन्शुरन्सचं काय झालं हे विचारायचा धीर मला झाला नाही. मला काकांनी सांगितल्याप्रमाणे दुसरी नोकरी मिळाली, दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला, पगार जास्त. मी बरोबर होते, आजही त्यात मला शंका नाही. फक्त त्या बरोबर असण्याचं बिल ज्यांच्याकडे गेलं, त्यांनी काही मागवलेलं नव्हतं.

डब्लिन सोडायच्या आधी एका सकाळी काकांकडे गेले. काकू नातीला बसवर सोडायला कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. काका स्वतः चहा करत होते. मंडळाच्या या अंकासाठी हे सगळं लिहिते आहे, असं मी सांगितलं.

"लिही," ते म्हणाले. "पण त्या ग्रेगला व्हिलन करू नकोस. पुन्हा किरण मारायचे, हे माझ्या डोक्यातून आलं होतं. इतकी वर्षं लोकांना शिकवलं, गाठ मारतानाचा आकार, गाठ मारतानाचा आकार. आणि स्वतःचं बीम जायची वेळ आली तेव्हा म्हटलं, नळीला काय कळतंय."

"काका, फोन केल्याचा पश्चात्ताप होतो?"

"बीमची आठवण येते," ते म्हणाले. "तो वास. डॅरिलचं ते ओरडणं. सकाळी उठतो, आंघोळ करतो, गाडीची किल्ली घेतो, आणि मग..."

बाहेर ब्रेकचा आवाज आला आणि काका बोलता बोलता थांबले. चहाचं गाळणं हातात तसंच घेऊन ते खिडकीपाशी गेले. कोपऱ्यावर पिवळी बस उभी होती, बर्फाच्या चिखलाने खालून काळी झालेली. दाराजवळचे लाल दिवे एकामागून एक लुकलुकायला लागले. दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. पाठीवर दप्तर घेतलेली, टोप्यांत बुडालेली मुलं रस्ता ओलांडून गेली, त्यांच्यात त्यांची नातही होती. काका मुलांकडे बघत नव्हते. दिवे विझून बस निघेपर्यंत ते दिव्यांकडेच बघत होते. गाळण्यातून चहाचे थेंब फरशीवर पडत होते.

"हं," ते म्हणाले आणि ओट्याकडे वळले. "साखर किती घालू?"